भिंतींची राजधानी : चान चान

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, लिमा शहरापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर अंतरावर, जेथे अँडीज पर्वतातून उतरणारी मोचे नदी एका अरुंद हिरव्या पट्ट्याला पाणी पाजून प्रशांत महासागरास मिळते आणि त्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकताच दृष्टी पोहोचेल तेथवर पिवळसर वाळवंट पसरलेले दिसते, तेथे त्रुहियो हे स्पॅनिश अमदानीत वसलेले शहर आणि वान्चाको हे कोळ्यांचे गाव यांच्या दरम्यान मातीच्या भिंतींचे एक अफाट नगर पडलेले आहे. त्याचे नाव चान चान. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही चिमू लोकांची राजधानी होती. तिच्या भरभराटीच्या काळी येथून सुटलेला हुकूम उत्तरेस आजच्या एक्वादोरच्या सीमेजवळील तुम्बेसपासून दक्षिणेस लिमाच्या अलीकडील खोऱ्यांपर्यंत, सुमारे १००० किलोमीटर लांबीच्या किनारपट्टीवर चालत असे. आणि ज्या दिवशी इंकांच्या फौजा या खोऱ्यात उतरल्या त्या दिवशी त्यांच्यासमोर उभे असलेले राज्य हे त्यांना आजवर भेटलेल्या राज्यांत सर्वांत प्रबळ होते. नगराचा एकूण विस्तार सुमारे २० चौरस किलोमीटर असून, त्यातील सहा चौरस किलोमीटरांच्या मध्यवर्ती भागात राजवाडे, मंदिरे, कारागिरांच्या वस्त्या आणि दफनस्थाने दाटलेली आहेत.

अँडीजच्या प्राचीन संस्कृतीचे नाव काढताच आपल्याकडील वाचकाच्या मनःचक्षूंपुढे बहुधा इंकांचे पाषाणकाम उभे राहते: कुस्कोच्या भिंतींतील सुरीचे पातेही शिरू न देणारे सांधे, माचू पिच्चूचे डोंगरउतारावरील सोपान. त्या वैभवाला उणेपणा आणण्याचे काहीच कारण नाही. परंतु इंकांचे साम्राज्य विस्तारल्यास उणेपुरे एक शतकही लोटले नव्हते तोच स्पॅनिश लोक येऊन ठेपले. आणि ज्या काटेकोर राज्यकारभाराबद्दल, धान्यकोठारांबद्दल व श्रमरूपाने घेतल्या जाणाऱ्या कराबद्दल इंकांची वाखाणणी होते, त्या व्यवस्थेच्या कितीतरी खुणा चिमूंच्या मुलखात त्यांच्याआधी दिसून येतात, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे चान चान हा इतिहासाच्या कडेचा तुकडा राहत नाही. या नगरावर सोन्याने दोनदा अन्याय केला आहे, असे मला वाटते. पहिला अन्याय लुटारूंनी त्या सोन्यापायी ते उकरून काढले तेव्हा झाला, आणि दुसरा, त्याचे वर्णन करू बसलेल्या लेखकांनीही जडजवाहिराच्या आणि गुप्तधनाच्या कथांतच आपली लेखणी झिजवली तेव्हा. चान चान वाचावयाचे ते त्याच्या भिंतींवरून. या भिंतींनी काय आत घेतले, काय बाहेर ठेवले, कोणाला कोठून वळविले आणि कोणाला कोठे थांबविले, यात त्या राज्याचे सगळे राज्यशास्त्र लिहून ठेवलेले आहे. कारण चिमूंना लिपी नव्हती आणि याहून दुसरे दप्तर त्यांनी मागे ठेवलेले नाही.

मराठवाड्यातील पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मातीचा तट किती उंच जाऊ शकतो आणि निगराणी सुटताच तो किती लवकर खचतो, हे सांगावयास नको. चान चानच्या काही तटांची उंची आजही नऊ मीटरांच्या आसपास भरते. असे तट शतकानुशतके टिकले याचे कारण समुद्रात आहे. दक्षिण ध्रुवाकडून येणारा हंबोल्ट नावाचा शीत प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. त्याच्या थंडाव्यामुळे हवेत बाष्प असूनही ढग पाऊस धरीत नाहीत, हिवाळ्यात धुके मात्र दिवसचे दिवस जमिनीवर लोळत राहते. सामान्य वर्षी येथे मोजके काही मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच शीत प्रवाहाने समुद्रात माशांची अपरंपार समृद्धी निर्माण केली आहे. आकाश कोरडे आणि समुद्र भरलेला, अशा विचित्र योगावर हे राज्य उभे होते. आणि कित्येक वर्षांनी एकदा हा योग उलटतो, विषुववृत्ताकडील उष्ण पाणी दक्षिणेस सरकते, मासे नाहीसे होतात आणि ज्या भूमीने पाऊस ओळखलेलाच नसतो तिच्यावर पर्जन्याचा मारा सुरू होतो. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उत्पाताला तेथील कोळ्यांनी बाळ येशूवरून ‘एल निन्यो’ असे नाव दिले. चान चानच्या इतिहासात राजांइतकाच अधिकार या उत्पाताला द्यावा लागतो.

नगराचा गाभा म्हणजे नऊ, आणि काहींच्या गणनेप्रमाणे दहा, प्रचंड आयताकृती वाडे. पुराणवस्तुसंशोधक त्यांना ‘सिउदादेला’, म्हणजे कोट, म्हणतात; परंतु त्यांत बुरूज नाहीत, जंग्या नाहीत, खंदक नाहीत, आणि शत्रूशी लढण्यासाठी हे तट बांधले असावेत असे त्यांच्या रचनेवरून मुळीच वाटत नाही. पायाशी रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या या भिंतींना वाडा कितीही मोठा असला तरी (आणि त्यांतील सर्वांत मोठ्याचे क्षेत्र २० हेक्टरांहून अधिक आहे) उत्तरेकडे एकच मुख्य प्रवेशद्वार असे. दारातून आत गेलेला मनुष्य सरळ कोठेही पोहोचत नसे. अरुंद बोळ त्याला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवीत नेई, आणि मग अकस्मात तो एका विस्तीर्ण चौकात येऊन उभा राही, ज्याच्या समोरच्या बाजूस एक उतरण उंच ओट्यावर चढत गेलेली असे. शेकडो माणसे मावतील अशा त्या चौकात उभे राहिल्यावर वर आकाश आणि चारी बाजूंस माती यांखेरीज काही दिसत नसे. समुद्र इतका जवळ असूनही दिसत नसे. दक्षिणेकडून येणारा वाराही तटावरून निघून जाई. उत्च आन नावाच्या वाड्यातील अशाच एका बोळात २०१८ मध्ये मातीचे मुखवटे चढविलेल्या लाकडी मूर्तींची रांग, प्रत्येक मूर्ती आपापल्या कोनाड्यात उभी, अशी मिळाली. आत येणाऱ्यावर दृष्टी ठेवणारे हे पहारेकरी कित्येक शतके मातीखाली आपल्या जागेवरून हललेले नव्हते.

भिंतींच्या अंगावर मातीतच उठविलेले शिल्पपट्ट आहेत. त्यांत मासे आहेत, एका ओळीत एका दिशेने आणि लगतच्या ओळीत उलट दिशेने पोहणारे. पाणपक्षी आहेत, लाटा आहेत, आणि जाळ्याच्या चौकटींसारखी जाळीदार नक्षी आहे, जिच्यातून वारा आणि उजेड दोन्ही पलीकडच्या दालनात जात. या कलेविषयी ती ‘यांत्रिक’ आहे, एकच आकृती पुनःपुन्हा छापल्यासारखी आहे, असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तिच्या आधीच्या मोचे संस्कृतीच्या व्यक्तिचित्रात्मक मृत्पात्रांशी तुलना करून तिला कमी लेखले गेले आहे. मला हा आक्षेप पटत नाही. मोचे कलावंताला एक चेहरा दाखवावयाचा होता. चिमू कलावंताला समुद्र दाखवावयाचा होता, आणि समुद्र हा आवर्तनाखेरीज दाखविता येत नाही. निक आन वाड्यातील माशांच्या पट्टासमोरून चालत गेल्यास, जेथे दोन ओळी परस्परविरुद्ध दिशांनी सरकतात तेथे, उत्तरेकडून येणारा उष्ण आणि दक्षिणेकडून येणारा शीत असे दोन प्रवाह त्या कारागिराच्या मनात असावेत, असे काही अभ्यासक सुचवितात. तर्क मोहक आहे. तो सिद्ध करण्याचा मार्ग मात्र नाही, आणि पट्टाची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

चौकाच्या पलीकडे वाड्याचे खरे अंतरंग सुरू होते. तेथे तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघड्या अशा लहान, कोनाडेयुक्त बैठका आढळतात, ज्यांना संशोधकांनी स्पॅनिश न्यायकचेरीवरून ‘औदिएन्सिया’ असे नाव दिले. आणि या बैठकांच्या आसपास, बहुधा त्यांच्याच वाटेने जाता येईल अशा रीतीने, एकसारख्या आकाराच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा लागतात. या खोल्यांचे उंबरठे उंच आहेत, त्यांत चूल नाही, राहत्या माणसाचा केरकचरा नाही. ती कोठारे होती. बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोठारात काही जाऊ नये आणि कोठारातून काही निघू नये, असा हा बंदोबस्त दिसतो. सर्वच बैठकांचे प्रयोजन हेच होते असे नाही. काहींच्या जमिनीखाली दफने मिळालेली आहेत, आणि कोठारांशी ज्यांचा संबंध लावता येत नाही अशाही पुष्कळ आहेत. तरीही कारकून, कोठार आणि बंद वाट यांचा हा संबंध इतक्या वाड्यांत इतक्या सातत्याने दिसतो की त्याला योगायोग म्हणणे अशक्य होते.

या कोठारांत जे येई ते घडविणारे हात वाड्याबाहेर होते. तटांच्या भोवती, वेताच्या कुडांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत, कारागिरांची वस्ती होती: विणकर, धातुकाम करणारे, लाकूड कोरणारे. उत्खननात तेथे मागांचे अवशेष, ठोकलेल्या तांब्याचे तुकडे व अर्धवट राहिलेली कामे मिळाली आहेत. नगराची लोकसंख्या काही दहा-हजारांत मोजली जाते, आणि तिचा फार मोठा भाग या कारागीर कुटुंबांचा होता. नगराच्या मध्यभागी लामांच्या तांड्यांसाठी केलेले उतारूंचे अड्डेही ओळखले गेले आहेत. डोंगरातून लोकर आणि धातू घेऊन आलेले तांडे तेथे उतरत. दूर उत्तरेच्या उष्ण समुद्रातून येणारा काटेरी, लालसर शिंपला, ज्याचे शास्त्रीय नाव स्पॉन्डिलस, हा येथे सोन्याहून पवित्र मानला जाई. शेती, मासेमारी आणि कारागिरी या तिन्हींतून जे निर्माण होई ते या भिंतींच्या आत खेचून घ्यावयाचे व तेथून राजाच्या हाताने परत वाटावयाचे, हा चान चानचा व्यवहार होता.

इतके वाडे कशासाठी, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. सर्वसाधारणपणे मान्य झालेले उत्तर असे की, प्रत्येक वाडा एका राजाचा. राजा निवर्तल्यावर त्याचे दफन त्याच्याच वाड्यातील ओट्यात होई; राज्याधिकार वारसाकडे जाई, पण मृताची मालमत्ता, त्याची जमीन, त्याची कोठारे ही त्याच्या कुळाकडेच राहत, आणि नव्या राजाला आपला वाडा, आपला खजिना आणि आपला मुलूख नव्याने उभारावा लागे. इंकांच्या राजघराण्यात अशी रीत होती याचा स्पॅनिश वृत्तान्तांत आधार आहे, आणि तीच येथे लागू करण्यात आली आहे. राज्याचा सतत विस्तार का होत गेला याचे एक कारण यातून मिळते, हे या उपपत्तीचे बलस्थान होय. परंतु दोन राजांचे वाडे एकाच काळी नांदत असावेत, असा पक्षही गंभीरपणे मांडला गेला आहे, आणि वाचकाने पुढील प्रकरणे वाचताना हा वाद मिटलेला आहे असे धरून चालू नये. राजदफनाचे ओटे उकरताना मुख्य कबरीच्या भोवती लहान-लहान कोठड्यांचे जाळे आढळले. लाबेरिन्तो वाड्याच्या अशा ओट्यात तरुण स्त्रियांचे अवशेष मोठ्या संख्येने मिळाले, आणि त्या राजाबरोबर पाठविल्या गेल्या होत्या यात शंका नाही. चान चानजवळच, वान्चाकितो येथे, २०११ पासून झालेल्या उत्खननात १३० हून अधिक मुलांचे आणि २०० हून अधिक कोवळ्या लामांचे बलिदान उजेडात आले. काळ सुमारे १४५०. ज्या वाळूत ही दफने होती तिच्यावर मुसळधार पावसाने आणलेला चिखल होता, आणि त्या चिखलात मुलांची व प्राण्यांची पावले उमटलेली होती. राज्याच्या शेवटच्या पिढ्यांत एल निन्योने घातलेल्या घाल्याचे हे उत्तर असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. या पुराव्यापुढे अभ्यासकाने डोळे मिटून घेऊ नयेत. ज्या राज्याच्या कोठारव्यवस्थेचे आपण कौतुक करतो त्याच राज्याने ही मुले निवडली, आणली आणि ओळीने पुरली, आणि हे कामही त्याने त्याच व्यवस्थितपणे केले.

राज्याचा उगम व शेवट यांबद्दल थोडे सांगून पुढे जातो. त्रुहियोत १६०४ मध्ये लिहिल्या गेलेल्या एका अनामिक वृत्तान्तानुसार, ताय्कानामो नावाचा पुरुष समुद्रातून लाकडी तराफ्यावर बसून आला. त्याच्या कमरेस सुती वस्त्र होते आणि विधींसाठी तो पिवळी भुकटी वापरीत असे. त्याच्या पुत्राने खोरे जिंकले, नातवाने शेजारची खोरी, आणि वंशाचा अखेरचा स्वतंत्र राजा मिन्चान्सामान हा होता. १४७० च्या सुमारास इंका युवराज तुपाक युपान्की याने त्याचा पराभव केला, त्याला कुस्कोला नेऊन ठेवले व त्याच्या पुत्रास मांडलिक म्हणून गादीवर बसविले. येथील धातुकारागीरही कुस्कोला नेण्यात आले. राजधानीचे राजेपण गेले, कोठारांकडे येणारा ओघ तुटला, आणि माणसे पांगली. स्पॅनिश लोकांनी शेजारी त्रुहियो वसविले तेव्हा त्यांना मिळाले ते बहुतेक ओस पडलेले नगर होते.

त्यानंतर जे घडले त्याला लूट म्हणणे अपुरे आहे, कारण ती कायद्याने झाली. थडग्यांना आणि ओट्यांना खाणींप्रमाणे मानण्यात आले. भागीदारीत कंपन्या काढून, सरकारचा परवाना घेऊन, मजुरांकरवी ते खणण्यात आले, आणि निघालेल्या सोन्याचा पंचमांश हिस्सा राजाच्या खजिन्यात रीतसर जमा होऊ लागला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गार्सिया गुतिएर्रेस दे तोलेदो याने एका ओट्यातून इतके सोने काढले की तो ओटा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. लहान मासा सापडला, मोठा मासा अजून भूमीत आहे, ही गुप्तधनाची दंतकथा तेव्हापासून त्या प्रांतात रुजली आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे कुदळी घेऊन रात्री येत राहिली. जे सोने निघाले ते वितळविण्यात आले. राजदफनांची मूळ मांडणी, कोणाजवळ काय ठेवले होते, हे सर्व त्या वितळण्यात नष्ट झाले; आणि चिमू राजांच्या क्रमाविषयी आज जे वाद चालतात त्यांचे मूळ कारण, माझ्या मते, हेच आहे.

या नगराकडे निराळ्या नजरेने पाहणारे पहिले नाव बिशप मार्तिनेस कोम्पान्योन यांचे घ्यावे लागेल. त्यांनी १७८० च्या दशकात आपल्या धर्मप्रांताची जी चित्रे जलरंगात करवून घेतली त्यांत चान चानचा आराखडाही होता. एकोणिसाव्या शतकात रिवेरो व चूडी, अमेरिकन मुत्सद्दी स्क्वायर, पुढे बान्देलियर, उले, तेयो हे येऊन गेले, आणि एकेका वाड्यावर त्यांची नावे बसली. अलीकडे त्या नावांऐवजी उत्तर किनाऱ्यावरील मुचिक भाषेतील नावे देण्यात आली असून, चूडी वाडा आता निक आन झाला आहे. चिमूंची स्वतःची भाषा मात्र मुचिक नव्हती. ती किंग्नाम, आणि ती नामशेष झाली. २००८ मध्ये चिकामा खोऱ्यातील एका जुन्या स्पॅनिश वस्तीत सतराव्या शतकातील एका पत्राचा कागद मिळाला, ज्याच्या पाठीवर कोणीतरी एका अज्ञात भाषेतील अंक व त्यांचे स्पॅनिश प्रतिरूप टिपून ठेवले होते. ती भाषा किंग्नाम असणे संभवते. १९६९ ते १९७४ या काळात मायकेल मोझली आणि कॅरोल मॅकी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीने नगराचे भिंतीगणिक नकाशे तयार केले. चान चानचा शास्त्रशुद्ध अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो, आणि वर केलेल्या बहुतेक विधानांचे ऋण त्या कामाकडे जाते.

१९८६ मध्ये युनेस्कोने चान चानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्याच वर्षी धोक्यातील वारशांच्या यादीतही ते घातले. आज जवळजवळ चार दशकांनंतरही ते त्या यादीत आहे. १९२५, १९८३, १९९८ आणि २०१७ या वर्षांच्या पावसाने माती खाल्ली. आसपासच्या सिंचनामुळे भूजल वर येऊन क्षार भिंतींच्या पायाला लागले. नगराच्या हद्दीत शेते आणि घरे शिरली. भिंतींच्या माथ्यांना नवा लेप देणे, पट्टांवर छपरे घालणे, पाणी उपसणे ही कामे पेरूचे सरकार व तेथील तंत्रज्ञ नेटाने करीत आहेत, आणि त्यांत स्थानिक मातकामाच्या जाणकारांचा वाटा मोठा आहे. पेरूबाहेरच्या जगाने या कामाकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. पाषाणाचे अवशेष उपेक्षेतही उभे राहतात. मातीच्या अवशेषांना दर वर्षी माणसाचा हात लागतो.

या अभ्यासाची मांडणी करताना राजवंशापासून आरंभ करण्याची रूढ पद्धत मी सोडली आहे. पाऊस नसलेल्या भूमीत दहा-हजारांचे नगर वसवावयाचे तर पहिला प्रश्न पाण्याचा असतो. चिमूंनी चिकामा नदीचे पाणी राजधानीच्या शेतांकडे आणण्यासाठी ७० किलोमीटरांहून लांब असा ला कुम्ब्रे कालवा खणला, ज्याच्या उतारात आज दोष आढळतो. भूकंपांनी जमीन हलल्यामुळे तो बिघडला की मोजणीतच चूक होती, आणि त्यातून पाणी कधी पूर्ण वाहिले की नाही, याविषयी अभियंते व पुराणवस्तुसंशोधक यांच्यात दीर्घ वाद झडला आहे. नगराला मात्र पाणी दिले ते खोल, पायऱ्यांनी उतरावयाच्या विहिरींनी. वाड्यांतील विहिरी मोठ्या व राखीव होत्या, कारागिरांच्या वस्तीतील विहिरी सामाईक. आणि समुद्राच्या बाजूस जमीन भूजलापर्यंत खाली खोदून केलेल्या सखल बागांत लव्हाळे वाढविले जाई. वान्चाकोचे कोळी आजही आपल्या चिंचोळ्या होड्या लव्हाळ्याच्याच बांधतात आणि त्यांवर स्वार होऊन लाटांत शिरतात. कोणाची विहीर किती खोल आणि तिच्याकडे जाणारी वाट कोणासाठी उघडी, एवढे समजले की राजा, कारकून आणि विणकर यांची नगरातील स्थाने आपोआप उलगडत जातात. म्हणून पहिले प्रकरण निक आन वाड्यातील विहिरीचे आहे, दुसरे कोठारांचे, आणि राजांची पाळी त्यानंतर येते.